निळा चिखल आणि हिरवा दगड

घरी चालून आलेल्या लक्ष्मीला दारातूनच परत लावणारी माणसे गोष्टींत पुष्कळ भेटतात. पण १८५९ सालच्या जून महिन्यात अमेरिकेच्या पश्चिमेकडील एका उघड्याबोडक्या डोंगरउतारावर हा प्रकार खरोखरीच घडला. पीटर ओरायली आणि पॅट्रिक मॅक्लॉक्लिन हे दोन आयरिश गडी तेथे माती धुऊन सोन्याचे कण वेचीत होते. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची धूळ धुणारे झारेकरी असतात, त्यातलाच हा धंदा. पाणी साठवायला त्यांनी एक खड्डा खणला, तो तळाशी जड, काळसर रेती लागली आणि तिच्यात सोने निघाले. मंडळी खूश झाली. त्रास एकच होता. सोन्याबरोबर एक निळसर काळा गाळ येई, तो त्यांच्या पाळण्यासारख्या लाकडी चाळणीत अडके आणि काम तुंबवी. तेव्हा तो गाळ शिव्या देत बाजूला फेकायचा आणि पुढची पाटी ओतायची, असा क्रम चालू होता.

पुढे कोणा चौकस माणसाने त्या गाळातला एक डिखळा सिएरा नेव्हाडा पर्वत ओलांडून कॅलिफोर्नियात नेला आणि त्याचा कस लावून घेतला. टनाला तीन हजार डॉलरांहून अधिक किमतीचा धातू निघेल असे उत्तर आले. त्यात सोने होतेच, पण बहुतेक चांदी होती. निळा चिखल म्हणजे गंधकाशी संयोग पावलेली चांदी! बातमी गुप्त ठेवायची ठरली, म्हणजे ती दोन दिवसांत सर्वांना कळली. पाहता पाहता हजारो माणसे डोंगर चढून त्या ओसाड मुलखात उतरली, आणि डेव्हिडसन नावाच्या शिखराच्या पूर्व उतारावर व्हर्जिनिया सिटी हे गाव उभे राहिले.

हा मुलूख कसा, हे थोडे सांगायला हवे. सह्याद्रीच्या पूर्वेला माण-खटावकडे गेले की पाऊस कसा अचानक हात आखडता घेतो, ते आपण पाहिलेले असते. सिएरा नेव्हाडा हा सह्याद्रीहून पुष्कळ उंच. पॅसिफिकवरून येणारे ढग तो पश्चिम अंगालाच रिकामे करतो, आणि पलीकडे शेकडो मैल वाळवंट पसरते. तिथल्या नद्या समुद्राला मिळत नाहीत. कार्सन नावाची नदी डोंगरातून निघते आणि वाळवंटातल्या एका दलदलीत जिरून संपते. झाडझाडोरा थोडा, म्हणून दगड उघडा. खनिज शोधणाऱ्याला याच्याइतकी सोयीची जागा नाही. पण उघडा दगड दिसणे वेगळे आणि तो वाचता येणे वेगळे.

ज्या दोघांना तो थोडाफार वाचता आला होता, ते तोपर्यंत हयात नव्हते. ॲलन आणि होसिया ग्रॉश हे भाऊ. याच खोऱ्यात चांदी आहे असे त्यांनी वडिलांना पत्रांतून कळवले होते. १८५७ साली होसियाच्या पायात कुदळ लागली, जखम चिघळली आणि तो गेला. त्याच हिवाळ्यात ॲलन बर्फातून डोंगर ओलांडताना गारठला आणि तोही गेला. शोधाला नाव लागले ते भलत्याचेच. हेन्री कॉमस्टॉक नावाचा एक बोलघेवडा गृहस्थ त्या खड्ड्याजवळ आला आणि ही जागा माझी आहे असे ठासून सांगू लागला. त्या भोळ्या आयरिशांनी त्याला भागीदार करून घेतले. जगाच्या पुस्तकांत ही खाण 'कॉमस्टॉक लोड' म्हणून ओळखली जाते ती अशी. कॉमस्टॉकने आपला हिस्सा अकरा हजार डॉलरांच्या आसपास विकून टाकला आणि १८७० साली मोंटानात पिस्तूल झाडून स्वतःचा शेवट केला. मॅक्लॉक्लिनला तर त्याहूनही कमी मिळाले.

मी इतिहास शिकवणारा माणूस. दगड हा माझा विषय नव्हे. पण कॉमस्टॉकचा इतिहास वाचताना असे दिसते की तिथले खटले, बोगदे, शेअरबाजारातल्या उड्या आणि आपटी, या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न होता: हा खडक आहे तरी कोणता आणि तो काय सांगतो? त्या प्रश्नाचे उत्तर दोनदा चुकले आणि तिसऱ्यांदा पुष्कळसे बरोबर आले. ती हकीगत सांगण्याजोगी आहे.

आज जे माहीत आहे ते आधी सांगतो, म्हणजे जुन्या माणसांच्या चुका नीट समजतील.

डेव्हिडसन डोंगराच्या अगदी तळाशी फार प्राचीन काळचे गाळाचे, पण उष्णतेने रूप पालटलेले खडक आहेत, आणि त्यांत घुसलेला ग्रॅनाइट. त्यावर सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींनी आपले थर रचले. त्या लाव्ह्याचा खडक म्हणजे अँडेसाइट. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरून त्याला हे नाव पडले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, हाही लाव्हाच. पण दोघांच्या स्वभावात फरक आहे. बसाल्टचा रस पातळ. तो भेगांतून निघाला आणि पाण्यासारखा दूरदूर पसरला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. म्हणून तर आपल्या घाटांतले कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. अँडेसाइटमध्ये सिलिका जास्त, त्यामुळे रस घट्ट. तो फार लांब जात नाही. तोंडाशी साचतो, अडतो, मग स्फोटाने फुटतो. राख, दगडगोटे आणि लाव्हा असा मिश्र ढीग होतो. या ढिगाऱ्यात खालून शिलारसाचा आणखी एक मोठा गोळा घुसला आणि पृष्ठभागापर्यंत न येता पोटातच गोठला. डेव्हिडसन शिखराचा कणा तोच.

वर्गात मुले हटकून विचारतात की, सर, ज्वालामुखी तिकडे आणि ज्वालामुखी इकडे, मग आपल्या दख्खनच्या दगडात सोने-चांदी का नाही? प्रश्न चांगला आहे. लाव्ह्याच्या पोटात चांदी भरलेली असते आणि ती आपोआप बाहेर येते, ही समजूतच मुळात चुकीची. चांदी जमायला तीन गोष्टी एकाच जागी आणि पुष्कळ काळ लागतात. खाली टिकून राहिलेली उष्णता, खडकात पडलेली भेग आणि फिरते पाणी. दख्खनमधला रस पसरला आणि पातळ थरांत निवला. त्याच्या पोकळ्यांत पाण्याने नंतर जे भरले ते मुख्यतः झिओलाइटचे सुंदर स्फटिक आणि गारगोट्या. संग्रहालयात ठेवायला छान. टांकसाळीच्या कामाचे नव्हेत.

कॉमस्टॉकला तिन्ही गोष्टी जुळून आल्या. डेव्हिडसनच्या पूर्व अंगाला खडक उभा तडकला आणि तडीच्या पूर्वेकडचा भाग हजारो फूट खाली घसरला. घसरताना दोन्ही बाजूंचा दगड भरडला गेला. या भरडातून मुरलेले पावसाचे पाणी खोल जाई, तापे, खालच्या शिलारसातून सुटणारे वायू त्यात मिसळत, आणि ते तापलेले पाणी खडकातले पदार्थ विरघळवीत पुन्हा वर येई. वर दाब कमी झाला की उकळे. आणि उकळले की पोटात घेतलेली सिलिका, चांदी, सोने तिथेच टाकून मोकळे होई. ज्वालामुखी शमल्यावर साधारण दहा लाख वर्षांनी हे घडले. उरली ती पांढऱ्या गारेची जाड शीर, दोनेक मैलांहून लांब, जागोजाग भरडून साखरेसारखी भुगा झालेली. तिच्यात चांदी सगळीकडे सारखी नव्हती. मैलभर खोदावे तर काही नाही, आणि मग एकदम देवळाएवढा गाभारा भरलेला! स्पॅनिश खाणवाले अशा गाभाऱ्याला 'बोनान्झा' म्हणत. शब्द खलाशांचा आहे. त्याचा अर्थ समुद्रावरची शांत, चांगली हवा. निकामी दगडाला ते 'बोरास्का' म्हणत, म्हणजे वादळ. खाणवाल्याची आणि खलाश्याची मनःस्थिती यांत फार अंतर नसावे.

आता पहिला वाद. तिथल्या खाणवाल्यांनी आपसांत ठरवलेला नियम असा की, ज्याच्या जमिनीवर शिरेचे तोंड उघडे आहे, त्याला ती शीर खाली जिकडे जाईल तिकडे, अगदी शेजाऱ्याच्या हद्दीखालूनसुद्धा, खणत जाण्याचा हक्क. नियम साधा दिसतो, पण डोंगराने त्याची परीक्षा पाहिली. उतारावर गारेचे एक नव्हे, अनेक बांध समांतर दिसत होते. ही एकच शीर फाटे फुटून वर आलेली, की वेगवेगळ्या शिरा? शिवाय वरच्या काहीशे फुटांत शीर पश्चिमेकडे कललेली होती, म्हणून पहिल्या लोकांनी पश्चिमेकडचे हक्क धरले. आणि खोल गेल्यावर ती उलट वळून पूर्वेकडे कलली! एकच शीर धरली तर सगळे धन मूळच्या चार-दोन मोठ्या कंपन्यांचे. अनेक धरल्या तर शेकडो लहान हक्कदारांचे. भूगर्भशास्त्राचा प्रश्न वकिलांच्या हाती गेला. विल्यम स्ट्युअर्ट नावाच्या हुशार वकिलाने 'एक शीर' हा पक्ष घेतला आणि त्यावर स्वतःचे घर भरले. साक्षीदार विकत मिळत, पंच विकत मिळत. १८६४ साली या धुराळ्यात नेव्हाडा टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या तिन्ही न्यायाधीशांना राजीनामे द्यावे लागले. पहिल्या पाच-सहा वर्षांत खटल्यांवर एक कोटी डॉलरांच्या आसपास खर्च झाला, असा अंदाज आहे. शेवटी खोल खोदकामानेच सिद्ध केले की मुख्य शीर एकच. मोठ्या कंपन्यांचा पक्ष खरा निघाला, हे मान्य. पण तो खरा आहे हे ठाऊक होण्याच्या आधीच त्यांनी तो जिंकत आणला होता, हेही लिहून ठेवले पाहिजे.

दुसरा प्रश्न याहून मोठा. शीर खोल गेली तर चांदी टिकेल की संपेल? याचे उत्तर द्यायला एक तरुण जर्मन भूवैज्ञानिक आला: फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन. हेच गृहस्थ पुढे चीनमध्ये फिरले, आणि मध्य आशियातल्या जुन्या व्यापारी वाटांना 'रेशीममार्ग' हे नाव रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. ॲडॉल्फ सुट्रो नावाच्या उद्योगी माणसाच्या मनात तेव्हा एक धाडसी कल्पना घोळत होती: डोंगराच्या पायथ्यापासून चार मैलांचा बोगदा खणून शिरेला खालून भिडायचे, म्हणजे खाणीतले पाणी आपोआप वाहून जाईल आणि हवाही खेळेल. त्यासाठी भांडवल हवे, आणि भांडवलासाठी विद्वानाचा दाखला हवा. रिश्टहोफेन यांनी तो १८६५ साली लिहून दिला. शीर ही खरी भेगेतली शीर आहे, ती खोलवर जाईल, असा त्यांचा निष्कर्ष. तो चुकला नाही. पण त्याबरोबर त्यांनी दुसरी एक गोष्ट मांडली, आणि आपल्या गोष्टीतला हिरवा दगड इथे येतो.

शिरेभोवतीचा खडक सगळीकडे हिरवट, मळकट रंगाचा होता. रिश्टहोफेन यांनी पूर्वी हंगेरी आणि ट्रान्सिल्व्हेनियातल्या जुन्या खाणींजवळ असाच हिरवा दगड पाहिला होता. तिथेही चांदी-सोने, इथेही चांदी-सोने. त्यांनी त्याला स्वतंत्र खडक ठरवले आणि 'प्रोपिलाइट' असे नाव दिले. ग्रीक भाषेत देवळाच्या पुढच्या दरवाजाला प्रोपिलॉन म्हणतात. तृतीय कल्पातल्या सगळ्या ज्वालामुखीय खडकांच्या आधी हा बाहेर आला, त्या युगाचे दार याने उघडले, असा त्यामागचा विचार. नाव सुंदर, आणि व्यवहारात फार सोयीचे. हिरवा दगड म्हणजे चांदीचा बाप; जिथे बाप तिथे लेकरू. लाइपझिगचे प्राध्यापक त्सिर्केल यांनी १८७६ साली दगडाच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून या खडकाच्या वेगळेपणाला दुजोराही दिला. जर्मनीची दोन वजनदार नावे. मग शंका कोण घेणार?

इकडे खाण खोल जात होती. शिरेचे गाभारे इतके रुंद की नेहमीचे लाकडी टेकू पुरेनात, छत कोसळे. १८६० सालच्या अखेरीस फिलिप डायडेसहायमर या जर्मन अभियंत्याने उपाय काढला. जाड तुळयांच्या चौकटी जोडून पोकळ ठोकळे करायचे आणि मधमाशांच्या पोळ्यासारखे ते एकावर एक, एकाशेजारी एक रचत जायचे. त्याने त्याचे पेटंट घेतले नाही. युक्ती जगभर पसरली, आणि सिएराच्या उतारावरचे पाइनचे जंगल तुळई-तुळईने डोंगराच्या पोटात गेले. लाकडाने भरलेली खाण पेटते तेव्हा काय होते, ते १८६९ सालच्या ७ एप्रिलला यलो जॅकेट खाणीत दिसले. किमान ३५ माणसे धुरात गुदमरून गेली.

आणि उष्णता! तीन हजार फुटांच्या आसपास भिंतीतून १७० फॅरनहाइट तपमानाचे पाणी येई. आपल्या हल्लीच्या मापात ७६-७७ अंश. चहाला थोडेच कमी. माणसे उघड्या अंगाने काही मिनिटे काम करीत आणि बर्फाच्या पाट्यांजवळ येऊन टेकत. वरच्या गावात मात्र प्यायला पाणी नाही. ते १८७३ साली सिएराच्या डोंगरातून लोखंडी नळाने, मधली खोल दरी उतरून आणि पुन्हा चढून, आणावे लागले. पायाखाली उकळते पाणी आणि नळाला पर्वतापलीकडचे. वाळवंटाची ही थट्टाच म्हणायची.

ही उष्णता येते कुठून? जॉन चर्च नावाच्या प्राध्यापकाने १८७९ साली सांगितले की, खडकातल्या फेल्स्पारची चिकणमाती होताना रासायनिक उष्णता सुटते, तीच ही. ऐकायला पटण्यासारखे. पण अमेरिकेच्या नव्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याने जॉर्ज बेकर यांना या खाणीचा अभ्यास करायला धाडले होते, आणि बेकर यांना पटण्यासारख्या गोष्टी तपासून पाहण्याची खोड होती. त्यांचे सहकारी कार्ल बारस यांनी खडकाचा चुरा वाफेत दीर्घकाळ ठेवला आणि नाजूक उपकरणांनी तपमान मोजले. म्हणण्यासारखी उष्णता सुटली नाही. चर्च यांचा सिद्धान्त गेला. उष्णता खालून येते, ज्वालामुखीच्या निखाऱ्यातून, असे बेकर यांनी मांडले. खाणीपासून काही मैलांवर स्टीमबोट स्प्रिंग्ज नावाची गरम झऱ्यांची जागा आहे. तिथले पाणी त्या काळी सिलिकेचे पांढरे थर टाकत असे आणि त्यांत पारा, सोने यांचे अंश सापडतात. कॉमस्टॉकमध्ये कोट्यवधी वर्षांपूर्वी जे घडले, तसलेच काम शेजारी चालू होते, फक्त बारीक प्रमाणावर.

मग बेकर हिरव्या दगडाकडे वळले. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात या प्रकरणाचा निकाल आहे. त्यांनी शिरेजवळचा हिरवा दगड घेतला आणि तिथून दूर दूर जात नमुने गोळा केले. हिरवेपणा हळूहळू फिका होत गेला आणि शेवटी साधा, ताजा अँडेसाइट किंवा डायोराइट हाती आला. मध्ये कुठेच सीमा नाही! म्हणजे प्रोपिलाइट नावाचा खडक मुळात नव्हताच. गरम पाण्याने साध्या खडकांतली खनिजे बदलून क्लोराइट आणि एपिडोट ही हिरवी खनिजे तयार केली होती. वेगवेगळे खडक एकाच काढ्यात उकळले की रंगाने सारखे दिसणारच. त्सिर्केल यांनी सूक्ष्मदर्शकातून जे पाहिले ते खोटे नव्हते; त्यांनी उकडलेल्या खडकाची लक्षणे नोंदली आणि ती जन्मजात समजली.

आता यातली खरी गोम पाहा. रिश्टहोफेन यांचे निरीक्षण बरोबर होते: हिरवा दगड आणि चांदी सोबत असतात. त्यांनी नाते चुकवले. हिरवा दगड हा चांदीचा बाप नव्हे, भाऊ. दोघेही एकाच गरम पाण्याची लेकरे. आम्हां इतिहासवाल्यांनी तर ही गोष्ट मनावर घ्यावी. दोन घटना जोडीने दिसल्या की एकीला दुसरीचे कारण ठरवून मोकळे होण्याची सवय आमच्यातही कमी नाही. बेकर यांचेही सगळेच बरोबर ठरले असे नाही. शिरेवरच्या एका खडकाला ते फार जुना समजत होते. हेग आणि इडिंग्ज यांनी १८८५ साली ते मत खोडून काढले.

हे ज्ञान आले तोवर खाणीचा बहर ओसरला होता. सर्वांत मोठा बोनान्झा सापडला १८७३ साली, कन्सॉलिडेटेड व्हर्जिनिया खाणीत, हजार-बाराशे फुटांवर. वर जमिनीला त्याचा मागमूस नव्हता. मुख्य शिरेच्या बाजूच्या एका फटीत तो दडला होता. मॅके, फेअर, फ्लड आणि ओब्रायन या चौघा आयरिश भागीदारांनी तो काढला. त्यांपैकी दोघे सॅन फ्रान्सिस्कोत दारूचे दुकान चालवत असत. या एका गाभाऱ्याने दहा कोटी डॉलरांच्या वर धातू दिला. सुट्रोचा बोगदा मात्र १८७८ सालच्या जुलैत शिरेला भिडला, तेव्हा त्याच्या पातळीवरचे आणि वरचे बहुतेक धन काढून झाले होते. सुट्रोने आपले शेअर वेळेवर विकले आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोचा नगराध्यक्ष झाला. १८५९ ते १८८० या काळात कॉमस्टॉकने ३० कोटी डॉलरांहून अधिक माल दिला, आणि किमतीच्या हिशेबाने त्यातले पाचांतले दोन भाग सोने होते.

हा हिशेब अर्धाच आहे. ज्यांचा हा मुलूख, त्या पायूट लोकांच्या खात्यावर काय पडले? पिनियन पाइनच्या बिया हे त्यांचे हिवाळ्याचे अन्न; ती झाडे सरपणाला गेली. १८६० सालच्या मे महिन्यात पायूट मुलींच्या अपहरणावरून लढाई पेटली. मेजर ऑर्म्सबीची शंभरावर स्वयंसेवकांची तुकडी पिरॅमिड सरोवराजवळ पायुटांनी कापून काढली. पुढच्याच महिन्यात सैन्य आले आणि पायुटांना मागे रेटले गेले. आणि नदी? दगड कांडून त्यातली चांदी पाऱ्याने ओढून घेत असत. तो पारा हजारो टनांनी कार्सनच्या पात्रात वाहून गेला. १९९० साली अमेरिकन सरकारने ते खोरे विषारी स्थळांच्या राष्ट्रीय यादीत घातले. तिथले मासे खाऊ नका, असे लोकांना सांगावे लागते.

आपल्यापर्यंतही या चांदीची झळ पोचली. त्या काळी आपला रुपया चांदीचा होता. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावे आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. १८७१ नंतर जर्मनीने चांदीचे नाणे सोडले, इतर देश तिच्यामागे गेले, आणि नेमक्या त्याच वेळी नेव्हाडातून चांदीचा लोंढा निघाला. कॉमस्टॉक हे एकटेच कारण नव्हते, आणि पुढच्या उतरणीला तर इतर खाणी जबाबदार होत्या. पण सुरुवातीच्या धक्क्यात तिचा वाटा होता. लंडनला १८७२ साली औंसाला ६० पेन्स असलेली चांदी १८९३ साली ३५-३६ वर आली. रुपया दोन शिलिंगांच्या आसपास होता तो सव्वावर घसरला. इंग्लंडात दरसाल भरायचा 'होम चार्जेस'चा बोजा सोन्यात, आणि रयतेकडून वसुली रुपयांत. तेव्हा तेवढेच पौंड भरायला जास्त रुपये काढणे आले. अखेर १८९३ सालच्या जूनमध्ये सरकारने टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या. घरात चांदीचे डाग म्हणून पुंजी ठेवणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान झाले. मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनला जाई, आणि चीन चांदीवरच राहिला. तिथला व्यापारही अडखळला. दाभाडीचा शेतकरी असो की परळचा गिरणीवाला, डेव्हिडसन डोंगराचे नाव त्यांपैकी कोणी ऐकले असेल असे वाटत नाही.

प्रोपिलाइट हा खडक म्हणून पुसला गेला. शब्द मात्र विशेषण होऊन उरला. गरम पाण्याने हिरव्या झालेल्या खडकाच्या कड्याला आजचे भूवैज्ञानिक 'प्रोपिलिटिक' म्हणतात. ज्वालामुखीय प्रदेशातल्या तांब्याच्या साठ्यांभोवती असे बदललेल्या खडकांचे कांद्यासारखे पापुद्रे असतात, सर्वांत बाहेरचा हिरवा. डेव्हिड लोवेल या अमेरिकन भूवैज्ञानिकाने ॲरिझोनाच्या वाळवंटात हे पापुद्रे नीट मांडून पाहिले, आणि सॅन मॅन्युएलच्या साठ्याचा खडक सरकल्याने तुटून गेलेला दुसरा तुकडा, कालामाझू, १९६५ नंतरच्या वर्षांत जमिनीखाली शोधून काढला. गिल्बर्ट यांच्याबरोबर त्याने तो नकाशा १९७० साली छापला. मग तोच नकाशा डोक्यात घेऊन लोवेलची मंडळी चिलीतल्या आटाकामा वाळवंटात फिरली. १९८१ साली, जिथे वर तांब्याचा पत्ता नव्हता अशा एका टेकाडाखाली, त्यांच्या कवायतीच्या छिद्रांना साठा लागला. जगातली सर्वांत मोठी तांब्याची खाण तिथे झाली. तिचे नाव एस्कोंदिदा. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ लपलेली.